एक फुटाचा एक इंच: कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघराचा रूम बॉक्स

समोरची बाजू उघडी किंवा पारदर्शक ठेवलेल्या पेटीत, ठरावीक प्रमाणात, एकच खोली तिच्या सगळ्या सामानासह उभी करणे म्हणजे रूम बॉक्स. गौरी-गणपतीचा देखावा किंवा दिवाळीतला किल्ला केलेल्या माणसाला यातली निम्मी कामे आधीच येत असतात. नव्याने शिकायचे असते ते मोजमाप. किल्ल्यावर बुरुजाहून उंच मावळा उभा असला तरी कोणाला खटकत नाही. रूम बॉक्समध्ये मात्र एक वाटी दुप्पट मोठी झाली की सगळी खोली खेळण्यातली दिसू लागते. म्हणून या लेखात मी कोकणातल्या कौलारू घराचे, चुलीचे स्वयंपाकघर हे एकच उदाहरण घेतले आहे आणि त्याची मापे शेवटपर्यंत दिली आहेत. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातले असल्यामुळे ही खोली मला डोळे मिटूनही दिसते. तुमच्या डोळ्यांसमोर दुसरी खोली असेल तर तीच करावी. हिशेब हाच राहील.

प्रमाण आणि वेळ

या छंदात सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण १:१२ आहे, म्हणजे खऱ्या खोलीतल्या एका फुटाचा पेटीत एक इंच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून करवून घेतलेल्या ६८ लघुखोल्या आहेत, त्याही याच प्रमाणात आहेत. फूट आणि इंच आपल्या सुतार-गवंड्यांच्या तोंडी असल्यामुळे आपल्याला हे प्रमाण फारच सोयीचे पडते. मिलिमीटरमध्ये मोजायचे असल्यास खऱ्या वस्तूच्या मापाला १२ ने भागावे.

आपली खोली १२ फूट रुंद, ९ फूट खोल, पुढच्या बाजूला ११ फूट उंच आणि मागे छप्पर उतरत आल्यामुळे साडेसहा फूट उंच आहे असे धरू. म्हणजे पेटीच्या आतली मापे १२ इंच, ९ इंच, ११ इंच आणि साडेसहा इंच होतात. मागील दार सव्वापाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद धरले, तर पेटीत ते १३३ मिमी उंच आणि ६४ मिमी रुंद येते. जुन्या घरांतली दारे ठेंगणीच असत, त्यामुळे हे माप वाढवण्याचा मोह टाळावा. उंबरा १३ मिमी, बसायचा पाट ३८ बाय ३२ मिमी, पाटा ३८ बाय २५ मिमी, जात्याची तळी ३४ मिमी व्यासाची, जेवणाचे ताट २५ मिमी, वाटी ६ मिमी आणि तांब्या १३ मिमी उंच. ही यादी एका पुठ्ठ्यावर लिहून कामाच्या जागी टांगून ठेवावी. घरात जुनी वस्तू असेल तर तिचे माप स्वतः घ्यावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी भांडी आणि दिवे पाहिले तरी आकारांचा चांगला अंदाज येतो.

घरात पितळी भातुकली असेल तर ती वापरण्याची इच्छा प्रत्येकाला होते. आधी तिच्यावर पट्टी धरावी. भातुकलीतला हंडा तीन इंच उंच असेल, तर या खोलीत तो तीन फुटांचा, म्हणजे माणसाच्या कमरेएवढा होईल. भातुकलीतली अगदी लहान पळी किंवा झाकणी कधी मापात बसते, बाकी संच जपून कपाटात ठेवावा.

प्रमाण ठरल्यावर वेळ ठरवावी. नवख्या माणसाच्या खोलीत सकाळचा चहा, दुपारची पंगत आणि रात्रीचा कंदील एकदमच हजर असतात, आणि त्यामुळे तिथे कोणी राहत असल्यासारखे वाटत नाही. आपण दुपारचे चार ही वेळ घेऊ. जेवणे उरकून भांडी घासून पालथी घातलेली आहेत, चुलीत राखेखाली विस्तव आहे आणि चहाचे आधण अजून पडायचे आहे. आता दिशाही आपोआप ठरतात. स्वयंपाक करणारीचे तोंड पूर्वेला असावे असा रिवाज असल्यामुळे चूल उजव्या भिंतीशी येते, खिडकी डाव्या म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत येते आणि उतरते ऊन त्या खिडकीतून आत शिरते. मागच्या भिंतीतले दार परसात उघडते.

पेटी

हत्यारे फार लागत नाहीत: पोलादी पट्टी, लहान गुण्या, तुटत्या पात्याचा कटर, कापायची मॅट, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा, १ मिमी भोके पाडायचा हातड्रिल आणि शून्य नंबरचे दोन ब्रश. पाते बोथट झाले की लगेच तोडावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा बोट कापते ते तेव्हाच.

आतल्या खोलीसाठी ५ मिमी सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी ताठ फळी, आणि बाहेरच्या पेटीसाठी ६ मिमी एमडीएफ किंवा प्लाय घ्यावा. आतल्या आणि बाहेरच्या पेटीत डावीकडे दोन इंच आणि मागे एक इंच मोकळी जागा सोडावी. खिडकीबाहेरचे ऊन आणि दारापलीकडचे परस याच जागेत बसवायचे आहे. उतरत्या छपराच्या वर, मागच्या बाजूला, जी त्रिकोणी पोकळी राहते तिच्यात दिवे आणि तारा जातात. म्हणून बाहेरच्या पेटीचे झाकण चिकटवू नये, बिजागऱ्यांवर उघडते ठेवावे. थॉर्न यांच्या खोल्यांमध्येही दारांपलीकडे दुसऱ्या जागेची चाहूल आणि खिडक्यांबाहेरून येणारा उजेड ठेवलेला आहे, आणि त्या खोल्या खऱ्या वाटतात त्याचे मोठे कारण हेच आहे असे मला वाटते.

महागाच्या फळीला हात लावण्याआधी संपूर्ण खोली जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून, चिकटपट्टीने जोडून पाहावी. ती टेबलावर ठेवून डोळे खोलीच्या जमिनीपासून साधारण पाच इंचांवर आणावेत, कारण त्या खोलीत उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे तिथे असतील. दार कशाच्या आड जाते का, चूल कोपऱ्यात दबते का, हे याच वेळी कळते. एक संध्याकाळ यात गेली तरी ती पुढचे चार रविवार वाचवते.

एमडीएफ दमट हवेत वाकतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळाभर हा त्रास आहे, म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्यावेत. एकाच बाजूला रंग दिलेली फळी हमखास धनुष्यासारखी वळते. दार, खिडकी, कोनाडा आणि तारांची भोके भिंती सपाट असतानाच कापून घ्यावीत आणि जोडणीच्या आधीच भिंतींचा पहिला रंग उरकावा.

जमीन आणि भिंती

या खोलीचा जीव सारवलेल्या जमिनीत आहे, त्यामुळे इथे घाई करू नये. चहाच्या गाळणीतून दोनदा चाळलेली माती, पांढरा डिंक आणि पाणी एकत्र करून इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट लगदा करावा. निव्वळ माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. भिजवून बारीक कुसकरलेला टिश्यू पेपर त्यात कालवला की भेगा कमी होतात. एक मिमीहून जाड थर एका वेळी देऊ नये. पहिला थर पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा आणि तो ओला असतानाच हातांच्या खुणा उठवाव्यात.

सारवताना हात डावीकडून उजवीकडे कमानीसारखा फिरतो आणि बोटांच्या चार रेषा उमटतात. खरी कमान दीड फुटाच्या आसपास असते, म्हणजे पेटीत ती चार सेंटीमीटरची येते. बोटाची रुंदी दीड मिमी होते. चार टूथपिक शेजारी शेजारी चिकटवून, त्यांची टोके पॉलिश पेपरवर गोल करून घेतली की बरोबर हाताच्या मापाचे हत्यार तयार होते. सारवणारी बाई भिंतीपासून दाराकडे मागे सरकत येते, म्हणून कमानींच्या ओळीही भिंतीकडून सुरू करून दाराशी संपवाव्यात, आणि प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीवर किंचित चढवावी. खुणा अगदी उथळ हव्यात. नांगरलेल्या शेतासारख्या खोल रेषा दिसल्या तर ओला ब्रश फिरवून त्या बुजवाव्यात. वाळल्यावर रंग फिका पडतो. पातळ तपकिरी आणि चिमूटभर हिरवट रंगाचा हात दिला की शेणाची छटा येते. चुलीपुढे आणि दाराच्या वाटेवर, जिथे पाय सतत पडतात, तिथे ४०० नंबरच्या कागदाने खुणा जवळजवळ पुसून टाकाव्यात.

भिंतींना पांढरा ॲक्रिलिक रंग तसाच देऊ नये. त्यात थोडा पिवळा आणि कणभर तपकिरी मिसळला की जुन्या चुन्याचा रंग होतो. रंगात थोडी बारीक चाळलेली रांगोळी घातली तर गिलाव्याचा खरखरीतपणा येतो. तळाशी चार-पाच इंचांचा गेरूचा पट्टा, म्हणजे पेटीत साधारण १० मिमी, हाताने ओढावा. त्याची वरची कड पट्टी लावून सरळ करण्याची गरज नाही.

काजळीसाठी लाकडी कोळसा खलून त्याची पूड करावी आणि कोरड्या ब्रशने लावावी. धूर वर जातो, म्हणून चुलीच्या लगतची भिंत खाली तपकिरी, वर काळी आणि वासे सर्वांत काळे असा क्रम ठेवावा. कोनाड्याच्या वरच्या कडेलाही दिव्याची काळी जीभ उमटलेली असते. पूड पुसली जाऊ नये म्हणून शेवटी मॅट वार्निशचा अगदी हलका फवारा द्यावा. चकचकीत वार्निशने सगळी मेहनत वाया जाते.

छप्पर

आतून पाहणाऱ्याला वासे, रिपा आणि कौलांची खालची बाजू एवढेच दिसते. वासे ६ बाय ५ मिमी जाडीचे, ३८ मिमी अंतरावर, म्हणजे नऊ लागतात. लाकूड निवडताना रेषा बारीक असलेले घ्यावे. सागाच्या रेषा आणि छिद्रे या प्रमाणात भलतीच मोठी दिसतात. चहा ढवळायच्या किंवा आइसक्रीमच्या काड्या एकमेकींवर चिकटवून केलेले वासे छान दिसतात. त्यांवर आडव्या रिपा २८ मिमी अंतरावर ठोकाव्यात, अर्थात डिंकाने.

मंगलोरी कौल साधारण ४० सेंमी लांब आणि २४ सेंमी रुंद असते, म्हणजे आपले कौल ३४ बाय २० मिमी होईल. जाड कागदाची कौले कापून, तीन-चार वेगवेगळ्या विटकरी छटांत रंगवून, खालून वर एकमेकांवर सहा मिमी चढवत लावावीत. या छपराला सुमारे दीडशे कौले लागतात. काम एकसुरी आहे, पण दोन बैठकांत संपते.

मधोमध एका कौलाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बसवावा. हे काचेचे कौल. कोकणात वाढलेल्या माणसाला काचेच्या कौलातून उतरणारा कवडसा आणि त्यात तरंगणारा धूर आठवल्याशिवाय राहत नाही. दुपारी सूर्य पश्चिमेला कलला की कवडसा पूर्वेकडे सरकतो, म्हणून वरचा दिवा कौलाच्या बरोबर डोक्यावर न लावता डावीकडे तिरका लावावा, म्हणजे उजेडाचा तुकडा उजवीकडे, चुलीच्या अलीकडे, जमिनीवर पडेल. दिव्याभोवती काळ्या कागदाची नळी केली तर उजेड पसरत नाही आणि कवडशाची कड स्पष्ट उमटते. माझ्या पेटीत तो कवडसा पाटाच्या एका कोपऱ्यावर पडतो, आणि आलेला प्रत्येक माणूस आधी तिथेच पाहतो.

चूल आणि भांडी

चूल हवेत वाळणाऱ्या मातीची करावी; जमिनीसाठी केलेला लगदाच वरून लावला की ती घरातलीच वाटते. दोन बाजू आणि पाठ अशी इंग्रजी यू अक्षरासारखी चूल, साधारण २० मिमी उंच, आणि तिला लागून वैल, म्हणजे चुलीच्याच आचेवर चालणारी शेजारची लहान चूल. कडेला तीन लहान खूर काढायला विसरू नये, भांडे त्यांच्यावरच टेकते. राख म्हणून उदबत्तीची राख चालते, मात्र ती पातळ डिंकात कालवून बसवावी. सरपणासाठी झाडांच्या वाळक्या काटक्या दीड-दोन इंच लांब कापाव्यात. साल बारीक असलेली काटकीच ओंडक्यासारखी दिसते.

भांड्यांत नवखे लोक सोनेरी रंगावर भरवसा ठेवतात आणि फसतात. रोज घासलेले पितळ पिवळसर आणि फिक्या उन्हासारखे असते, त्यात कानाकोपऱ्यांत काळपटपणा राहतो. म्हणून भांड्याला आधी काळा रंग द्यावा, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पिवळट धातूरंग फक्त उंचवट्यांवर फिरवावा. हंडा-कळशीसाठी लाकडी मणी एकावर एक चिकटवून सांधे एमसीलने भरावेत. पैंजणाचे मोठे घुंगरू तांब्याच्या पोटाला योग्य मापाचे असते. ताटे आणि वाट्या करण्यासाठी हॉटेलातून पदार्थ येतात त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा घ्यावा: खाली जाड खोडरबर, वर पत्र्याची चकती, आणि सायकलचा ६ मिमीचा छर्रा तिच्यावर दाबला की वाटी उठते. २५ मिमीच्या नाण्यावर चकती दाबून कडा वळवली की ताट होते.

धान्याबद्दल सावध राहावे. तांदळाचा खरा दाणा सहा मिमी लांब असतो; या खोलीत तो तीन इंचांचा दिसेल. सुपात तांदूळ दाखवायचे तर जाडसर पांढरी रांगोळी वापरावी, ती मापात बसते आणि तिला कीड लागत नाही. मी एका पेटीत रवा वापरला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात जाळी धरली. रोवळीत रातांबे हवे असतील तर दोन-अडीच मिमीच्या मातीच्या गोळ्या करून लाल-जांभळ्या रंगवाव्यात. कागद चिकटवायला कणकेची खळही वापरू नये, कारण तिच्यामागे कसर येते.

शिंकाळे करताना एक अडचण हटकून येते. सुती दोरा इतका हलका असतो की तो खाली ताणलाच जात नाही, काटकीसारखा वेडावाकडा उभा राहतो. तीन पदरी वेणी घालून ती पातळ डिंकात बुडवावी, खाली दोन नट टांगून रात्रभर लटकत ठेवावी आणि वाळल्यावर नट काढावेत. मग त्यात दह्याचे मडके खरोखर वजनाने लोंबल्यासारखे दिसते. खुंटीवरच्या पंच्यालाही हाच उपाय: जुन्या मलमलीचा तुकडा, कारण जाड कापड या मापात पुठ्ठ्यासारखे ताठ राहते, डिंकपाण्यात भिजवून थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या पाडून वाळवावा.

सगळे सामान झाल्यावर ते लगेच चिकटवू नये. आठवडाभर नुसते मांडून ठेवावे, येता-जाता पाहावे आणि दर वेळी एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवावी. जुन्या स्वयंपाकघरात सामान कमी आणि मोकळी जमीन जास्त असे. जे उरते त्यावर वापर दिसू द्यावा: विळी आडवी करून भिंतीशी टेकवलेली, पाट्याचा मधला भाग झिजलेला, वरवंटा उभा, दाराच्या कडीभोवतीचे लाकूड हाताने काळवंडलेले, उंबऱ्याचा मध्य किंचित खाली गेलेला. उंबऱ्याची झीज काढायला गोल कानशीचे चार हात पुरतात.

उजेड आणि शेवटची बाजू

छपरावरचे आणि खिडकीबाहेरचे दिवे उबदार पांढऱ्या छटेचे एलईडी घ्यावेत. मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालवताना प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर जोडावा, म्हणजे दिवा मंद आणि थंड राहतो. खिडकीबाहेर दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावला की उजेड एका ठिपक्यातून न येता पसरून येतो. एक मिमी तारेच्या गजांची सावली जमिनीवर पडेपर्यंत दिवा मागेपुढे सरकवून पाहावा. विस्तवासाठी दिवाळीत मिळणारी बॅटरीची पणती उघडावी, तिच्यातला लुकलुकणारा दिवा चुलीच्या तळाच्या भोकातून वर आणावा आणि त्यावर कोळशाचे तुकडे व लाल रंगवलेला पारदर्शक कागद ठेवावा. बटनासारखी बॅटरी लहान मुलाने गिळली तर जिवाला धोका होतो, म्हणून ती स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच बसवावी. सगळे दिवे किमान दोन तास चालवून पाहिल्यावरच छप्पर कायमचे बसवावे.

मागील दाराच्या पलीकडच्या एक इंचात परसाचे चित्र लावावे: केळीची दोन पाने, विहिरीच्या कठड्याची कड, थोडे फिके आकाश. चित्र मुद्दाम धूसर ठेवावे आणि दार अर्धेच उघडावे, म्हणजे पाहणारा मान तिरकी करून बाहेर डोकावतो.

समोर २ मिमीचे ॲक्रिलिक खाचेत सरकते बसवावे, चिकटवू नये. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरी झाक येते, म्हणून असा गोंद वापरल्यास पेटी एक दिवस उघडी ठेवून मगच ते सरकवावे. पेटी भिंतीवर अशी टांगावी की बसलेल्या माणसाचे डोळे मागील दाराच्या वरच्या चौकटीच्या जरा खाली येतील. थेट उन्हाची आणि ओलीची भिंत टाळावी. झाकणाखालच्या पोकळीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात, मृग लागण्याआधी त्या बदलाव्यात, आणि गणपतीच्या सुमारास झाकण उघडून कौलांच्या मागे कोळी किंवा बुरशी नाही ना, हे मऊ ब्रश हातात घेऊन पाहावे.